बिनभाताची सुशी

कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा मी न्हाणीघरात होते. दुसरी झाली तेव्हा ओल्या केसांना पंचा गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि तिथेच थांबले. ओट्यापाशी बाबा उभे होते. उजव्या हातात सांडशी, डाव्या हातात घड्याळ, आणि नजर अशी कुकरवर लावलेली की जणू तो उठून पळणार होता.

“बाबा, कुकर कुणी लावला?”

“मी.”

“तुम्ही?”

“का? पाटबंधारे खात्यात होतो म्हणून काय पाणी फक्त कालव्यातच सोडायचं?”

“काय आहे आत?”

उत्तराची गरज नव्हती. इंद्रायणी तांदळाचा वास मधल्या खोलीपर्यंत गेला होता आणि मधल्या खोलीत आई बसली होती. गेले बावीस दिवस त्या घरात तांदूळ शिजला नव्हता. तांदळाचा डबा मी स्वतः माळ्यावर टाकला होता, जुन्या गाद्यांच्या मागे. म्हणजे बाबा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले होते.

“खावासा वाटला मला,” ते म्हणाले.

“आजच?”

“आजच.”

मी गॅस बंद केला.

डिसेंबरच्या सुरुवातीला आईच्या पोटात दुखू लागलं. मग अचानक साखर वाढलेली निघाली, आणि मग कळलं की साखर वाढली ती स्वादुपिंडावर गाठ आहे म्हणून. मिरजेच्या सर्जननी सगळे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, “काढता येईल. पण उपाशीपोटीची साखर एकशे तीसच्या आत आणा, मग मी गाठीला हात लावतो.” आईची तेव्हा दोनशे अडुसष्ट होती. चोवीस जानेवारी ही तारीख त्यांनी पेन्सिलीने लिहिली. ती पेन्सिल मला खटकली. पेनाने लिहायला लावायचं, असं मी तिथेच खुर्चीत बसून ठरवलं.

मी तेव्हा पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. अडलं की पुस्तक काढायचं, ही सवय नोकरीची म्हणा नाहीतर स्वभावाची. महिन्याची रजा टाकून मी सांगलीला आले ती चार पुस्तकं आणि एक तक्ता घेऊन. तक्ता फ्रिजवर लावला. त्यात लाल रंगाच्या रकान्यात सगळ्यांत वर भात होता. मग पोहे, साबुदाणा, बटाटा, आंबा, गूळ. आईने तो वाचला आणि म्हणाली, “म्हणजे मी आजवर जे जे शिजवलं ते सगळं एका जागी लिहून काढलंस की.”

पण तिने ऐकलं. इन्सुलिन होतंच, पण माझा भरवसा तक्त्यावर जास्त. बावीस दिवस तिने मी देईन ते खाल्लं. दुधीचं थालीपीठ, बदामाच्या पिठाची भाकरी, जी तव्यावरच फुटायची, पनीरची भुर्जी, मेथीच मेथी. साखर दोनशे दहावर आली, मग एकशे ऐंशीवर. त्या रविवारी सकाळी मी तिच्या बोटाला सुई टोचली तेव्हा यंत्रावर एकशे एक्कावन्न आले होते. चोवीस तारखेला अजून दोन आठवडे होते.

आणि अशा वेळी बाबांना भात खावासा वाटला होता.

“ती तिकडे समोर बसलीय,” मी हळू आवाजात म्हटलं. “तिला वास जातोय. इतके दिवस तुम्ही आमच्याबरोबर भाकरी खाल्लीत, अजून दोन आठवडे नाही का जमणार?”

बाबा काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, मग माझ्या खांद्यावरून मधल्या खोलीकडे पाहिलं आणि मिटलं.

वाफ जिरायची वाट न बघता मी झाकण काढलं. वाडगाभर मऊ, पांढराशुभ्र भात. मी तो तसाच स्टीलच्या डब्यात भरला, मागच्या दाराने बाहेर गेले आणि कुंपणावरून शेजारच्या मगदूमकाकूंना हाक मारली.

“अगंबाई, एवढा गरम?” काकू म्हणाल्या. “सण हाय का कुठला?”

“नाही. जरा जास्त झाला.”

“वाडगाभर तर हाय. हे कसलं जास्त?”

मी हसले आणि परत आले. बाबा बेसिनपाशी उभे राहून कुकर घासत होते. आतली दोन शितं त्यांनी बोटाने निपटली आणि क्षणभर ती बोटावर तशीच ठेवून उभे राहिले. मग नळाखाली धरली.

त्या दिवशी रेवाचा वाढदिवस होता. रेवा म्हणजे माझ्या भावाची, श्रीरंगची मुलगी. तो जपानला, नागोयात असतो. सहा वर्षांपूर्वी रेवाच्या वेळी त्याच्या बायकोचं, केतकीचं बाळंतपण करायला आई तीन महिने तिकडे गेली होती. जाताना डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि खलबत्ता मिळणार नाही म्हणून कुटून नेलेली सुंठ. येताना सुशी करायची विद्या. ती तिला शेजारच्या मोरी नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी शिकवली होती. आई त्यांना मोरीबाई म्हणायची. “त्या जपानीत बोलायच्या, मी मराठीत. तीन महिन्यांत आमचं एकदाही अडलं नाही,” असं ती सगळ्यांना सांगायची. दर वाढदिवसाला रेवा तिकडे आणि आजी इकडे, फोनवर एकमेकींसमोर बसून सुशी गुंडाळत. हा त्यांचा शिरस्ता होता आणि तो मोडायचा नाही असं आईने मला आठवडाभर आधीच बजावलं होतं.

“पण त्यात भात असतो, आई.”

“मग तू बघ की तुझ्या पुस्तकात काही मिळतंय का.”

मिळालं. फ्लॉवर किसायचा, शितांएवढा. दोन मिनिटं वाफवायचा, कोरडा करायचा, आणि भात समजायचं. नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे काळपट हिरवे कागद श्रीरंगने दिवाळीत एका मित्राबरोबर पाठवले होते, त्यांचं पाकीट घरात होतंच. अव्होकाडो सांगलीत मिळाला नाही. पनीर, काकडी आणि तीळ होते.

साडेनऊला मी आईला डायनिंग टेबलापाशी आणून बसवलं. ती बारीक झाली होती. शाल खांद्यावरून सारखी घसरायची. पण टेबलाशी बसली की ती अजून घरातली मोठी बाई व्हायची.

पहिली गुंडाळी फुटली. नोरी ओली होऊन मधोमध उकलली आणि फ्लॉवर बाहेर आला.

“पुस्तकात काय लिहिलंय?” आईने विचारलं.

“घट्ट गुंडाळा.”

“किती घट्ट, ते लिहिलंय?”

“नाही.”

“मग काय उपयोग? फ्लॉवर पिळलास का?”

“चाळणीत ठेवला होता.”

“चाळणीत ठेवून काय होतंय? चक्क्याचं फडकं आण.”

श्रीखंडासाठी दही टांगायचं तिचं मलमलचं फडकं होतं, धुऊन धुऊन पिवळसर झालेलं. मी त्यात फ्लॉवर बांधला आणि पिळला. कपभर पाणी निघालं. ते बघून आई खूश झाली. माझी चूक इतकी मोजता येण्यासारखी निघाल्याचा तिला नेहमीच आनंद व्हायचा.

“आता हा चिकटणार कसा?” ती म्हणाली. “भाताला चिकटा असतो. याला काय आहे?”

“लिहिलंय की थोडं क्रीम चीज घाला.”

“ते काय असतं?”

“चक्क्यासारखंच.”

“मग चक्का म्हण की. फ्रिजमध्ये वाटीभर आहे. दोन चमचे घाल, लिंबू पिळ, मीठ टाक. आणि असं भ्यायल्यासारखं थापू नकोस. अळूवडी केलीस का कधी?”

“तुला माहितीय, नाही केली.”

“केली नाहीस, खाल्ल्यास मात्र शंभर. इकडे दे.”

तिने नोरी स्वतःकडे ओढली. कोरड्या हाताने, बोटांच्या टोकांनी फ्लॉवर पसरला, पलीकडच्या कडेला दोन बोटं जागा सोडली, काकडी आणि पनीरच्या पट्ट्या अलीकडे ठेवल्या. “पहिला पेच तेवढा घट्ट घालायचा. त्यात जीव ओतायचा. पुढचं नुसतं ढकलत न्यायचं, ते आपलं आपण जातं.” बांबूची चटई तिने हातातही घेतली नाही. अंगठ्यांनी पहिली घडी दाबली, आणि काळपट गुंडाळी तिच्या हाताखालून सरळ, गुळगुळीत अशी बाहेर आली. तेवढ्याने तिला धाप लागली. मी सुरी ओली करून तुकडे केले. सहा तुकडे, सगळे उभे राहिले.

“बघ,” आई म्हणाली. बाबा दारात उभे राहून बघत होते. “तुम्हीही बघा. नुसतं लांबून काय?”

“बघतोय,” बाबा म्हणाले.

अकराला फोन लागला. रेवाच्या डोक्यावर कागदी मुकुट होता आणि तिच्यासमोर भाताचं एवढं मोठं पातेलं. श्रीरंग तिच्या मागे उभा होता, त्याचा फक्त शर्ट दिसत होता.

“आजी, कुकरची गोष्ट सांग!”

“दरवर्षी तीच?”

“तीच!”

मग आईने गोष्ट सांगितली. मोरीबाईंनी पहिल्यांदा शिकवल्यावर आईने दुसऱ्या दिवशी एकटीने सहा गुंडाळ्या केल्या होत्या. आणि गुंडाळी झाली की पुढे काय करायचं हे तिच्या हातांना पाठ असल्यामुळे तिने त्या सरळ कुकरमध्ये ठेवून वाफवल्या. गार झाल्यावर कापल्या, मोहरी-तिळाची फोडणी केली आणि परतल्या. मग बशी घेऊन मोरीबाईंकडे गेली. मोरीबाईंनी एक तुकडा खाल्ला. डोळे मिटले. आईला वाटलं, झालं, आता ही मला घराबाहेर काढणार. मोरीबाईंनी डोळे उघडले, बशी स्वतःकडे ओढली आणि दार लावून घेतलं.

“बशी परत दिली का?” रेवाने विचारलं. हा प्रश्नही दरवर्षीचा होता.

“चौथ्या दिवशी. धुऊन.”

रेवा हसून हसून खुर्चीवरून घसरली. मग दोघींनी एकेक गुंडाळी केली. रेवाची वाकडी झाली, आईने ती अळूवडीच्या कसोटीवर पास करून टाकली.

“आजी, तुझा भात असा का दिसतो?”

“तो फ्लॉवर आहे. तुझ्या आत्याने केलाय. मोठी हुशार आहे ती.”

तिकडे श्रीरंग वाकला आणि त्याचा चेहरा दिसला. “ताई, फ्लॉवर?”

“भात चालत नाही तिला. तुला माहितीय.”

“आज तरी द्यायचास ना.”

“आज काय विशेष? साखरेला वाढदिवस कळतो का?”

“अगं पण...”

“रंगा, तू तिथे बसून हे बोलणं फार सोपं आहे. आज एकशे एक्कावन्न आलीय. दोनशे अडुसष्ट होती. ती कुणी आणली?”

“मी तसं म्हणत नाहीये. पण तिला काय हवंय ते तरी...” त्याचा आवाज फाटला. घसा साफ करून तो वेगळ्याच सुरात म्हणाला, “मी पंधराला येतोय. तेव्हा बोलू.”

“पंधराला कशाला? ऑपरेशन चोवीसला आहे. तेव्हा लागेल तुझी गरज. आधी येऊन रजा संपवून बसशील.”

केतकीने फोन स्वतःकडे घेतला आणि केक दाखवू लागली. मी आईकडे पाहिलं. ती केकचं कौतुक करत होती. मी बाबांकडे पाहिलं. ते दारात नव्हते.

फोन झाल्यावर आईने आपली बशी पुढे ओढली.

“कशी झालीय?” मी विचारलं.

तिने एक तुकडा सावकाश खाल्ला. “छान झालीय. मोरीबाईंनी बशी ठेवून घेतली असती.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय. तू बस, तूही खा.”

तिने सहाच्या सहा तुकडे खाल्ले. गेल्या आठवड्यात तिने एका वेळी एवढं कधीच खाल्लं नव्हतं. मी मनात गणित केलं: अर्धी काकडी, मूठभर फ्लॉवर, पनीर, साखर वाढायचं काही कारण नव्हतं. मग तिला आत नेऊन आडवं केलं, शाल पायांवर टाकली. ती म्हणाली, “रंगावर चिडू नकोस गं. लांब राहिलं की माणूस असंच बोलतं.”

मी टेबल आवरलं. पण ती पंधरा तारीख डोक्यातून जाईना. ग्रंथालयात एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात लागलेलं असलं की माझी नजर तिथेच अडकते, तसं काहीसं झालं होतं. गुरुवारी दुसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट आणायला आई-बाबा दोघंच रिक्षाने मिरजेला गेले होते. मी बदामाचं पीठ शोधायला कोल्हापूरला गेले होते. संध्याकाळी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “फिल्म पुण्याला पाठवलीय. नंतर कळवतील.” आणि फाईल? दर वेळी फाईल माझ्या हातात यायची. या वेळी ती कपाटावर ठेवलेली होती.

बाबा मागच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात पेपर होता, पण घडी न मोडलेला.

“रंगा पंधराला का येतोय?”

“मी बोलावलंय.”

“का?”

बाबांनी पेपर पायाखाली सरकवला. मगदूमकाकूंनी धुतलेला आमचा डबा कुंपणावर ठेवलेला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“गुरुवारी डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं,” ते म्हणाले. “यकृतावर आलंय. चार-पाच ठिकाणी. मी फिल्म बघितली, मलाही दिसलं. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही म्हणाले.”

“मग औषधं? किमो?”

“विचारलं मी. सोसवणार नाही म्हणाले.”

“अजून काय म्हणाले?”

बाबांनी पायाखालचा पेपर सरळ केला.

“म्हणाले, आता काय हवं ते खाऊ द्या.”

हे वाक्य आपल्याकडे डॉक्टर कधी म्हणतात ते मला माहीत होतं. आजोबांच्या वेळी ऐकलं होतं, मगदूमकाकांच्या वेळी ऐकलं होतं. त्यानंतर कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही. पायरी उन्हाने तापली होती, तरी मी तिच्यावर बसले.

“आईला माहीत आहे?”

“तिच्यासमोरच म्हणाले.”

“मग ती गुरुवारपासून... बाबा, मी तिला काल दुधीचा रस पाजला. परवा ती एक घास भाकरी नको म्हणत होती तर मी रागावले तिच्यावर.”

“हं.”

“तुम्ही बोलला का नाहीत मला?”

“तिने शपथ घातली. इतक्यात सांगायचं नाही म्हणाली. करू दे तिला, म्हणाली.” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “मला काही ते बघवेना. सांगता तर येत नव्हतं. म्हणून सकाळी कुकर लावला.”

मी कुंपणाकडे गेले आणि डबा काढून घेतला. मगदूमकाकूंनी रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्यात चार शेंगा आणि गुळाचा खडा घालून ठेवला होता. तो मी बाबांच्या हातात दिला. तो हातात धरून बाबा म्हणाले, “तिला कळू देऊ नकोस, तुला कळलंय म्हणून. मला रागावेल.”

“नाही कळू देणार,” मी म्हटलं.

आई त्यानंतर सात आठवडे होती. आता त्याला नऊ वर्षं झाली. बाबाही गेले. त्या सात आठवड्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही; ज्याच्या घरात असे दिवस येऊन गेले त्याला ते ठाऊक असतात, आणि इतरांना सांगून समजत नाहीत. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सोमवारी मी नेहमीसारखी साडेसहाला उठले. चेहरा धुतला. आरशात बघून खात्री करून घेतली. आईला उठवलं, तोंड धुवायला पाणी दिलं, बिनसाखरेचा चहा दिला. कालच्यासारखंच सगळं करायचं, असं मी ठरवलं होतं आणि ते जमतही होतं. मी सुईचं यंत्र आणलं, तिने बोट पुढे केलं. आकडा बघून मी “छान आहे” म्हटलं. तिने “किती” म्हणून विचारलं नाही. मी उठले, कपबशी उचलली, दारापर्यंत गेले आणि सहज वळून म्हटलं,

“आई, आज काय खावंसं वाटतंय तुला?”

ती माझ्याकडे बघत राहिली.

मला काही कळायच्या आत तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. त्या तेवीस दिवसांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

“सांगितलं वाटतं त्यांनी,” आई म्हणाली.

मी कपबशी घेऊन उभी राहिले.

“एक काम धड करता येत नाही या माणसाला. कालव्याचं पाणी चाळीस वर्षं अडवलं, पोटातली एक गोष्ट चार दिवस अडवता आली नाही.” ती रागावलेली वाटली नाही. “बस इथे. ती कपबशी ठेव आधी, फोडशील.”

मी पलंगाच्या कडेला बसले.

“तू का नाही बोललीस?” मी विचारलं. “मी तुला काय काय खायला लावलं. डॉक्टरांनी सगळं खा म्हणून सांगितलं होतं तुला. काल बाबांनी भात केला, तो मी तुझ्या तोंडासमोरून नेऊन...”

“भाताचं काय घेऊन बसलीस? भात जन्मभर खाल्ला. स्वतः रांधला, स्वतः वाढला, सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाल्ली.” शाल घसरली होती, ती मी वर ओढली. “तू तुझ्या एक्केचाळीस वर्षांत मला कधी पोळी तरी करून घातली होतीस का?”

मी आठवून बघितलं. आठवलं नाही.

“नव्हतीस. म्हटलं पुस्तकं वाचते, वाचू दे. मीच नाही शिकवलं. आणि आता सकाळी डोळे उघडले की आतून किसणीचा आवाज येतो. काहीतरी सांडतं. तू स्वतःशीच बडबडतेस. मग ताट घेऊन येतेस आणि मी घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. कुणी बसलं होतं माझ्यासमोर असं? डॉक्टर म्हणाले, हवं ते खा. ते सांगायच्या आधीपासून मी खातच होते.”

बाहेर बाबा मगदूमकाकूंशी बोलत होते. गुळाचं काहीतरी चाललं होतं. आई ते ऐकत पडून राहिली. मी तिचा हात धरला नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती. मी तिच्या पायांवरची शाल उगीचच सारखी केली.

“तुला कळलं की तू थांबशील, असं वाटलं,” ती म्हणाली. “नुसती बसून राहशील माझ्याकडे बघत. ते मला नको होतं.”

“नाही थांबत.”

“मग झालं.”

“पण तू सांग ना काहीतरी. काय हवंय ते. मी करते. नाही येत ते विचारून करते. भात, साखरभात, काहीही.”

आईने विचार केला. ती खरोखरच विचार करत होती. डोळे छताकडे लावून, ओठ जरासे हलवत, जसा ती सणाच्या आधी सगळा स्वयंपाक मनात मांडून बघायची.

“उद्यापासून सांगेन,” ती शेवटी म्हणाली. “रोज एकेक सांगेन. लिहून घे, नाहीतर घोळ घालशील. पण आजचा दिवस तूच ठरव. रोज ठरवतेस तसं.”

मी स्वयंपाकघरात आले. फ्रिजवरचा तक्ता तसाच होता. तो मी काढला नाही, त्याकडे बघितलंही नाही. आत फ्लॉवरचा अर्धा गड्डा उरला होता आणि पाकिटात नोरीचे चार कागद होते. मी किसणी काढली, ताटात उभी केली आणि किसायला लागले. किसणीचा आवाज आतपर्यंत जात असावा.

“ऊर्मी,” आतून आईने हाक मारली.

“काय गं?”

“कालचंच करतेयस का?”

“हो.”

“मग लिंबू निम्मं कर. काल फार आंबट झालं होतं.”